ठेका कोण धरतो? सिंथ-पॉप, न्यू रोमँटिक आणि हाय-एनर्जी यांतला फरक

प्रश्नकर्ते १९८० ते १९८६ या काळातील ब्रिटिश गाण्यांचा दीड तासाचा कार्यक्रम पाच जणांच्या बँडसह बसवत आहेत. गायक, गिटार, बास, ड्रम्स आणि एक की-बोर्ड अशी त्यांची मांडणी आहे. त्यांची अडचण अशी की, एकाच गाण्याला कोणी सिंथ-पॉप म्हणते, कोणी न्यू रोमँटिक, कोणी न्यू वेव, तर कोणी हाय-एनर्जी. त्यांच्या कानाला मात्र सगळीकडे तोच की-बोर्ड आणि तेच ड्रम-मशीन ऐकू येते. हा फरक खरा आहे की नुसता नावांचा, आणि वाजवताना त्यावाचून काही अडते का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत की-बोर्ड वाजवतो, प्रोग्रॅमिंग करतो आणि अधूनमधून अशा कार्यक्रमांचे अरेंजिंगही करतो. माझ्या अनुभवात हा फरक खरा आहे आणि वाजवताना तो चांगलाच जाणवतो. पण नावांवरून तो शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण ही चार नावे चार वेगवेगळ्या गोष्टींवरून पडलेली आहेत. सिंथ-पॉप हे नाव सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, या वाद्यावरून आले. न्यू रोमँटिक हे कपड्यांवरून आणि लंडनच्या एका क्लबात जमणाऱ्या मंडळींवरून पडले. हाय-एनर्जी हे नाचणाऱ्यांच्या गरजेवरून. न्यू वेव हे तर बरेचसे रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या सोयीचे नाव आहे. ब्रिटनमध्ये १९७८ च्या सुमारास ते पंकनंतरच्या गिटारवाल्या बँडना लावत, आणि ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर तिकडे ते इंग्लंडहून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चित्रविचित्र केशरचनेला चिकटले. एकाच गृहस्थांना कोणी कोथरूडकर म्हणावे, कोणी सीए आणि कोणी वारकरी, तसा हा प्रकार आहे. तिन्ही खरे असते आणि त्यात भांडण्यासारखे काही नसते. म्हणून न्यू वेव हे नाव तुमच्या यादीतून आधी काढून टाका. वादनाला त्याचा काहीही उपयोग नाही.

उरलेल्या तिन्हींबाबतही एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. बँडला शिक्का मारता येत नाही, गाण्याला मारता येतो, आणि तोही कोणते वर्ष व कोणती आवृत्ती यावर अवलंबून असतो. १९७८ मधली ह्यूमन लीग आणि १९८१ मधली ह्यूमन लीग यांच्यात गायक फिलिप ओकी आणि पडद्यावर चित्रे दाखवणारे एड्रियन राइट एवढेच काय ते समान. बेसिल्डनच्या डिपेश मोडचा १९८१ चा खेळकरपणा १९८३ पर्यंत बराच ओसरला आणि धातूवर धातू आपटल्याचे ध्वनिमुद्रित आवाज त्यांच्या ठेक्यात शिरले. शिवाय सात इंची तबकडीवरचे गाणे आणि बारा इंचीवरचे गाणे ही पुष्कळदा दोन वेगळी प्रकरणे असतात. तेव्हा तुमच्या यादीत गाण्यापुढे वर्ष आणि आवृत्ती लिहिलेली नसेल, तर ती आधी लिहा.

आता कान कुठे लावायचा, हे सांगतो. आपण सगळे आधी की-बोर्डचा नाद ऐकतो, आणि तिथेच फसतो. रोलंडचे ज्युपिटर किंवा कॉर्गचे एखादे स्वस्त यंत्र या तिन्ही प्रकारांत वाजलेले आहे. मी स्वतः असा फसलो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या वार्षिक समारंभासाठी आम्ही याच काळातली गाणी बसवली होती. वेळ कमी होता, म्हणून मी सगळ्या गाण्यांखाली सिक्वेन्सरवर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, एकच धावता बास लावला. ड्यूरान ड्यूरानचे गाणे सुरू झाले, सूर बरोबर होते, आवाजही हुबेहूब होता, पण गाणे जागचे हलेना. आमचा बासवादक हात बांधून उभा होता आणि मध्यंतरात तो मला एवढेच म्हणाला, "दादा, या गाण्यात खरं काम माझंच होतं." त्या दिवसापासून मी कोणतेही गाणे ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारतो की, ठेका कोण धरतो आहे, माणूस की यंत्र? ड्रम्स आणि बास या दोन जागी कोण बसले आहे, हे कळले की तुमचे बहुतेक प्रश्न सुटतात.

ड्यूरान ड्यूरान बर्मिंगहॅमचे. तिथल्या रम रनर या क्लबात ते घडले. जॉन टेलर यांच्या बासवर अमेरिकेच्या शिक या डिस्को बँडची छाप आहे आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. रॉजर टेलर ड्रम्सवर, म्हणजे खालचा सगळा मजला माणसांचा. निक रोड्स यांचे सिंथ त्यावर रंग चढवते. 'रिओ'च्या सुरुवातीला जी स्वरावली झरझर फिरते, ती ज्युपिटर-४ च्या आर्पेजिएटरची, म्हणजे पट्ट्या दाबून धरल्या की त्यातले सूर आपोआप एकामागून एक वाजवणाऱ्या सोयीची. ती यंत्राची असली तरी गाणे तिच्या जिवावर चालत नाही. ते बास आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, यांच्या गुंफणीवर चालते. न्यू रोमँटिक म्हटल्या जाणाऱ्या पुष्कळ गाण्यांचा सांगाडा असा असतो.

पण पुष्कळ म्हणजे सर्व नव्हेत, कारण हे नाव मुळात वादनपद्धतीचे नव्हतेच. १९७८ मध्ये सोहोतल्या बिलीज नावाच्या क्लबात गायक डेव्हिड बोवीच्या गाण्यांच्या रात्री सुरू झाल्या आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी कॉव्हेंट गार्डनमधल्या ब्लिट्झमध्ये दर मंगळवारी जमू लागली. दारावर स्टीव्ह स्ट्रेंज कोणाला आत सोडायचे ते पोशाख पाहून ठरवत आणि आत रस्टी ईगन तबकड्या लावत. या दोघांचा व्हिसाज आणि तिथलेच स्पँडाऊ बॅले, असे दोन बँड त्या दारातून बाहेर पडले. व्हिसाजचे १९८० चे 'फेड टू ग्रे' रचणाऱ्यांत मिज युर आणि बिली करी होते, आणि हेच दोघे त्याच वेळी अल्ट्राव्हॉक्समध्येही होते. अल्ट्राव्हॉक्सचे 'व्हिएन्ना' १९८१ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि एका विनोदी गाण्यामुळे पहिल्या क्रमांकाला मुकले. त्यात थंड, सुटे सुटे ठोके आहेत, सिंथचे लांबवलेले सूर आहेत, आणि मधोमध करी यांचा व्हायोला आहे. सिंथ-पॉप म्हणा, न्यू रोमँटिक म्हणा, दोन्ही चालेल. उलट स्पँडाऊ बॅलेने त्याच वर्षी 'चँट नंबर वन'मध्ये ब्रास वाजवणारे बोलावले आणि सरळ फंक वाजवले. कपडे तेच राहिले, वाद्ये बदलली. न्यू रोमँटिक गाणे ओळखायला माझ्या मते गळा अधिक उपयोगी पडतो. रुंद, खालच्या पट्टीतला, थोडा नाटकी, बोवी आणि ब्रायन फेरी ऐकून तयार झालेला तो गळा असतो. टोनी हॅडली यांचा आवाज ऐका, म्हणजे लक्षात येईल.

सिंथ-पॉपकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण बँडने वाजवायला तेच सर्वांत अवघड आहे. इथे खालचा मजलाही यंत्राचा असतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांचे स्वस्त सिंथ मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतल्या मुलांच्या आवाक्यात आले. ओएमडी या बँडच्या दोघांनी आपला पहिला कॉर्ग आईच्या टपाल-कॅटलॉगमधून हप्त्यावर घेतला होता. पंकने तीन कॉर्ड पुरतात असे शिकवले होते. या मुलांनी एक बोट पुरते असे ठरवले. त्या यंत्रांवर एका वेळी एकच सूर वाजत असे, सनईसारखा. दोन पट्ट्या दाबल्या तरी आवाज एकच. त्यामुळे कॉर्ड लावून त्यावर गाणे म्हणण्याची सोयच नव्हती, आणि चार एकेरी ओळी एकमेकींच्या मोकळ्या जागा भरत पुढे नेण्याची रचना त्यातून तयार झाली. डिपेश मोडसाठी व्हिन्स क्लार्क यांनी लिहिलेले १९८१ चे 'जस्ट कान्ट गेट इनफ' घ्या. वरची चाल, मधली उत्तर देणारी ओळ आणि बास वेगवेगळ्या ट्रॅकवर असल्यासारखे ऐकले तर प्रत्येक ओळ अगदी पोरकट वाटते. एकत्र आल्या की मधे सुई घालायला जागा राहत नाही. तुमच्या की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने भरदार कॉर्ड धरली, की ही सगळी वीण बुजते. या गाण्यांत डावा हात खिशात ठेवा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

ह्यूमन लीगचा 'डेअर' हा ऑक्टोबर १९८१ चा अल्बम याच पद्धतीचा, पण कारागिरीत फार पुढचा. निर्माते मार्टिन रशंट यांच्याकडे रोलंडचा मायक्रोकंपोझर होता. त्याला पट्ट्या नव्हत्या, आकड्यांचा कळफलक होता. प्रत्येक सुराची उंची, पुढच्या सुरापर्यंतचे अंतर आणि आवाज किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळे आकडे म्हणून भरावे लागत. सूर किती तोडायचा, हा निर्णय वादकाच्या बोटाने नव्हे, हिशेबाने घेतला जाई. त्या अल्बममधला काटेकोरपणा तिथून आलेला आहे. ड्रम्ससाठी रॉजर लिन यांचे १९८० चे एलएम-१ होते. खऱ्या ड्रम्सचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारे ते पहिले ड्रम-मशीन. पण त्यात क्रॅश आणि राइड झांजा नव्हत्याच. तुमचा ड्रमर सवयीने प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी झांज हाणेल, आणि 'डोन्ट यू वॉन्ट मी'चा कोरडा, बंद खोलीतला नाद तिथेच संपेल. त्याला या गाण्यांपुरती झांज काढून ठेवायला सांगा. राग येईल, पण गाणे वाचेल. गाण्याबद्दलही तेच. सुझान सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल या शेफिल्डच्या एका नाइट क्लबात ओकींना भेटल्या तेव्हा शाळकरी मुली होत्या आणि त्यांना गाण्याचे शिक्षण नव्हते. त्यांच्या जागी तयारीच्या गायिकेने हरकती घेतल्या, की संवादातली ती साधी, भांडखोर पोरगी नाहीशी होते.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते माहीत असावेत. गॅरी न्यूमन यांना सगळे जग यंत्रमानव समजते. पण १९७९ मधल्या 'कार्स'मध्ये ड्रम्स आणि बास गिटार दोन्ही माणसांनी वाजवलेले आहेत, यंत्र फक्त वरच्या चालीत आणि गळ्यातल्या भावशून्यतेत आहे. तुमच्या बँडला हे गाणे जवळजवळ आयते बसेल. दुसरीकडे, ह्यूमन लीगमधून १९८० मध्ये बाहेर पडलेल्या मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श यांनी हेवन १७ काढला, आणि ज्या मंडळींना गिटार वर्ज्य होती त्यांनीच पहिल्या अल्बमसाठी एका तरुण बासवादकाला ड्रम-मशीनवर फंक वाजवायला बसवले. लीड्सच्या सॉफ्ट सेलचे 'टेन्टेड लव्ह' तर मूळचे १९६० च्या दशकातले अमेरिकी सोल गाणे. इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्दर्न सोल क्लबांत ते जगले होते. सॉफ्ट सेलने त्याची लय मंद केली, पट्टी उतरवली आणि सगळी वाद्ये काढून दोन माणसे आणि यंत्रे एवढ्यावर आणले.

हाय-एनर्जीचे तसे सोपे आहे, कारण त्याला एकच काम करायचे असते आणि ते म्हणजे नाचणाऱ्याला खाली बसू न देणे. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके, प्रत्येक मात्रेवर किक, आणि बासची उडी: मात्रेवर खालचा सा, अर्ध्या मात्रेवर वरचा सा. ही उडी तुम्हाला ऐकू आली की शंका घेऊ नका. तिचे मूळ १९७७ मध्ये म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर यांनी डॉना समर यांच्यासाठी केलेल्या 'आय फील लव्ह'मध्ये सापडते. तिथे सिंथचा प्रत्येक सूर डिलेने, म्हणजे प्रतिध्वनीच्या यंत्राने, दुसऱ्या बाजूला पुन्हा वाजतो आणि बास दुप्पट वेगाने धावतो असा भास होतो. पुढे अमेरिकेतल्या समलिंगी क्लबांत पॅट्रिक काउली आणि बॉबी ऑर्लंडो यांनी ते वाढवले, आणि लंडनमध्ये १९७९ च्या अखेरीस उघडलेल्या हेवन या क्लबाने त्याला घर दिले. हेवनमध्ये तबकड्या लावणारे इयन लेव्हिन आधी ब्लॅकपूलमध्ये नॉर्दर्न सोल वाजवत; म्हणूनच त्यांनी १९८४ मध्ये एव्हलिन थॉमस यांच्याकडून 'हाय एनर्जी' गाऊन घेतले तेव्हा खाली यंत्र आणि वर चर्चमध्ये तापलेला खणखणीत गळा, असा जोड झाला. मार्च १९८५ मध्ये डेड ऑर अलाइव्हचे 'यू स्पिन मी राउंड' पहिल्या क्रमांकावर गेले. स्टॉक, एटकन आणि वॉटरमन या निर्मात्यांचे ते पहिले अव्वल गाणे. थंडपणे गाऊन हाय-एनर्जी होत नाही. गायकाचा आवाज तीन मिनिटे वर टिकत नसेल, तर ते गाणे यादीत घेऊच नका.

पेट शॉप बॉईज हे सिंथ-पॉप आणि हाय-एनर्जी यांच्या मधे बसतात आणि त्यांच्यावरून वाद होतात, म्हणून दोन वाक्ये. त्यांचे गायक नील टेनंट 'स्मॅश हिट्स' या नियतकालिकात काम करत. १९८३ मध्ये एका मुलाखतीसाठी न्यू यॉर्कला गेले असता त्यांनी ऑर्लंडो यांना गाठले, आणि 'वेस्ट एंड गर्ल्स'ची पहिली आवृत्ती त्यांच्याकडे झाली. जानेवारी १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेली आवृत्ती मात्र स्टीफन हेग यांची, अधिक संथ आणि धुक्यातली. मजला नाचाचा आणि गळा बोलल्यासारखा, अशी त्यांची मांडणी आहे. मी ती सिंथ-पॉपमध्ये धरतो.

एक छोटे विषयांतर करतो. याच काळात रोलंडने टीबी-३०३ नावाची बासची डबी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खाली बास मिळावा, हा तिचा हेतू होता. तो फसला आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर शिकागोच्या पोरांनी तिच्यातून वेगळेच आवाज पिळून काढले आणि १९८८ मध्ये अ‍ॅसिड हाउस म्हणून ब्रिटनभर ते घुमले. पण आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्येच हीच डबी, टीआर-८०८ ड्रम-मशीन आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. तेव्हा त्या तबकडीकडे फारसे कोणी ढुंकून पाहिले नाही. यंत्र तेच असले तरी त्यावरून प्रकार ठरत नाही, याचे याहून घरचे उदाहरण माझ्याजवळ नाही.

तर आतापर्यंतचे एवढे लक्षात ठेवा: खाली माणसे आणि वर नाटकी गळा असेल तर गाणे बहुधा न्यू रोमँटिक गोटातले, खालीही यंत्र, एकेरी ओळींची वीण आणि सपाट गळा असेल तर सिंथ-पॉप, सा-सा अशी उडी मारणारा बास आणि तापलेला गळा असेल तर हाय-एनर्जी. यावरून कार्यक्रमाची मांडणीही ठरते. ड्यूरान ड्यूरान आणि न्यूमन यांची गाणी संपूर्ण बँडने वाजवावीत. आर्पेजिओ यंत्रावरून सोडणार असाल तर ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, हवी, नाहीतर दुसऱ्या कडव्यापर्यंत दोघांची फारकत होते. ह्यूमन लीगसाठी बासवादकाला दुसरा छोटा की-बोर्ड द्या आणि गिटारवाल्यालाही एक ओळ एका बोटाने वाजवू द्या; ड्रमरने इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवावेत. हाय-एनर्जीत बास सिक्वेन्सरवरच ठेवा. ती उडी माणूस दोन मिनिटे छान वाजवतो आणि तिसऱ्या मिनिटाला मागे पडतो. त्या वेळी बासवादकाने काउबेल घ्यावी.

न्यू ऑर्डरचे 'ब्लू मंडे' तुमच्या यादीत असेलच, आणि तिथे वरचे कोणतेच सूत्र पुरे पडत नाही. मँचेस्टरच्या या बँडचे हे १९८३ चे गाणे सात मिनिटांहून मोठे आहे. ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम-मशीनची किक मिनिटाला सुमारे १३० ठोक्यांनी पडते, खालचा बास सिक्वेन्सर वाजवतो आणि पीटर हूक बास गिटारवर वरच्या सुरांत चाल वाजवतात. म्हणजे तुमच्या बासवादकाला इथे गिटारवाल्याचे काम आहे. मिक्समध्ये त्याला तेवढे वर आणा. आणखी एक गोष्ट. सिक्वेन्सरमध्ये चाल एकेक पायरी करून भरताना जिलियन गिल्बर्ट यांच्याकडून एक सूर राहून गेला आणि ती चाल ठेक्यापासून किंचित सरकली. बँडने ती तशीच ठेवली. हे गाणे प्रोग्रॅम करताना तुमचे सॉफ्टवेअर ती चाल मात्रेवर ओढून बसवेल आणि सगळे स्वच्छ झाल्यासारखे वाटेल. तेवढी एक दुरुस्ती मी बंद करून ठेवतो आणि चाल कानाने, हाताने मागे सरकवतो.